न सापडलेला मुद्देमाल

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, मुलुंड पश्चिम,
फरसाणच्या दुकानावर पहिला मजला.
पंच दोन: खालचा चावीवाला
आणि झेरॉक्सवाल्या नाडकर्णी बाई, चष्मा घरी विसरलेल्या.

फ्रिज उघडला.
इडलीचं पीठ, अर्धं लिंबू,
रबरबँड लावलेले मेंदीचे कोन,
आणि आम्रखंडाच्या रिकाम्या डब्यात
सात कुप्या.
बॅच क्रमांक: खरवडलेला.
मुदत: खरवडलेली.
आधी मी "घाईघाईनं" असंही लिहिलं होतं, मग खोडलं.
पंचनाम्यात घाई दिसत नाही, फक्त वस्तू.

हर्षिदाबेन म्हणाल्या, मी कोर्स केलाय ना,
दोन दिवसांचा, अंधेरीला, जेवणासकट.
भिंतीवर सर्टिफिकेट, त्याला सोनेरी रिबीन.
ओठाला रक्त कुठून येतं, मी विचारलं.
ताई, आपण चेहऱ्याला हात लावतो,
रक्ताला नाही.

हे वाक्य मी कागदावर घेतलं नाही.
घरी घेऊन आले.

कारण अनघा तांडेलचा ओठ मी पाहिला होता.
भावाच्या हळदीसाठी जरासा भरून घेतलेला.
त्या रात्री पांढराफटक,
सकाळी जांभळा, जाळीजाळीचा, थेट नाकपुडीपर्यंत.
तिनं फोन केला तर
बर्फ लाव, उतरेल.
यावर उतारा असतो. भरलेलं विरघळवणारं औषध,
वेळेत टोचलं तर.
त्या फ्रिजमध्ये ते नव्हतं.
आमच्या फॉर्मात
"काय सापडलं नाही" असा रकाना नसतो.

सील करताना लाख माझ्या बोटावर सांडली.
हर्षिदाबेननी धावत बर्फ आणला,
फुंकर घातली,
आणि माझ्या भुवयांच्या मध्ये बघत हळूच म्हणाल्या,
मॅडम, ही आठी... तीन टोचण्यांचं काम.
तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे?
लाच होती. पण मायाही होती, मी खोटं कशाला सांगू.
समोर दिव्यांची महिरप लावलेला आरसा.
मी पाहिलं. एकदा.
नाही, दोनदा.
बावीस वर्षं बारीक अक्षरं वाचून पडलेली आठी.

सह्या झाल्या. नाडकर्णी बाईंचं बोट धरून
मी जागा दाखवली, इथे करा.

जिन्यात चार वाजताची बाई भेटली,
हातात आधीच काढलेली कर्णफुलं.
वर चालू आहे ना?
बंद केलंय, मी म्हटलं. आणि का, तेही सांगू लागले.
तिनं ऐकून घेतलं, अगदी शहाण्यासारखं,
मग खाली फरसाणवाल्याला विचारलं,
इथे जवळपास
दुसरं कुठे आहे?