स्वेच्छेचा रकाना

दर दुसऱ्या रविवारी रामबागेतून निघते.
पिशवीत रजिस्टर, शाईचा पॅड, चिवड्याचा डबा.
इंदूर मागं पडतं, चोरलच्या पुढं कच्चा रस्ता.

छापील प्रश्न पहिलाच :
आपण स्वेच्छेने आलात का?
जेमली डावर अंगठा देत नाही,
हात मातीत आहेत तिचे.
"हलमा आहे, बाई. हाक आली, आलो.
इच्छा कुणी विचारली?"

घरटी एक माणूस टेकडीवर.
पायानं अधू थावऱ्या नुसती
कळशी फिरवतो चरांवरून.
त्याला कुशल लिहू की अकुशल?

मागच्या साली आम्ही लावलेल्या
दोनशे सप्तपर्णी वाळून गेल्या.
अहवालात मी लिहिलं : शेळ्यांनी खाल्ल्या.
"शेळी तोंड लावत नाही त्याला,"
जेमली म्हणाली.
तेव्हा हसली असती तर बरं झालं असतं.

ऊन कलतं. मक्याचा रोटला, लसणाची चटणी,
माझ्याही हातावर अर्धा.
चिवड्याचा डबा पिशवीतच राहतो.
ती खाता खाता विचारते,
"तुझ्या घरून कोण आलंय?"

मी पॅडचं झाकण लावते.
शाई तशीही वाळत आली होती.