नॉर्मल फ्लोरा

रास्ता पेठेत, जिन्याखालच्या लॅबमध्ये
बावीस वर्षं मी काचा रंगवते आहे.
जांभळा, आयोडीन, स्पिरिट, मग लाल.
बोटांच्या पेरांत रंग मुरलाय, हळदीकुंकवाला
बायका विचारतात, शाई सांडली का?

खिडकीशी वाकून चिठ्ठी सरकवतात,
हळूच म्हणतात, "खाली जरा..."
त्या 'जरा'च्या पुढे मराठीत शब्द नसतो.
असतो तो भांडणात वापरून खराब झालेला.

बिबवेवाडीची मृण्मयी खोपडे, लग्नाला चार महिने.
रोज बादलीत जंतुनाशकाची दोन झाकणं,
"स्वच्छ राहावं म्हणून."
तिच्या काचेवर पेशी होत्या,
पेशींच्या कडांना ठिपक्यांची काजळी.
काडी एकही नव्हती.

काड्या म्हणजे त्या, जांभळ्या, सरळ,
विरजणातल्यांच्या लांबच्या नात्यातल्या.
पेशींतली साखर खातात, घर आंबट ठेवतात,
परक्याला सोसवू नये इतपत आंबट.
दह्याचं कौतुक आम्ही पानात वाढून करतो.
यांचं नाव काढलं की बाई मान खाली घालते.

डिप्लोमाला सरांनी सांगितलेलं, लघवी निर्जंतुक असते.
मी लाल पेनानं अधोरेखित केलं होतं.
किती रिपोर्टांवर टाइप केलं, 'वाढ नाही'.
आता म्हणतात, तिथंही वस्ती आहे.
वाढ नाही म्हणजे
आमच्या ताटलीत ते जेवले नाहीत,
एवढंच.

एका गुरुवारी पेठेत पाणी बंद, पेशंट नाही.
मी माझीच काच रंगवली, पिंपातल्या पाण्यानं धुतली.
नाव घातलं नाही.
एक्कावन्न वर्षं. पाळी जाऊन दीड.
बराच वेळ स्क्रू फिरवत राहिले
आणि एका कोपऱ्यात तिघी दिसल्या.
रिपोर्ट कुणाला द्यायचा नव्हता,
तरी वहीत लिहिलं : तुरळक.

मृण्मयी परवा पुन्हा आली. गोळ्या संपलेल्या,
झाकणं बंद केलेली.
शंभरच्या लेन्सखाली
अंगणात काडेपेटी उपडी व्हावी तसं जांभळं.
"गेलं ना ताई सगळं? झालं स्वच्छ?"

"नाही गं," मी म्हटलं,
"आलंय परत."
ती घाबरली.
मग स्टूल ओढून तिला म्हटलं, बस,
डोळा इथं लाव. चष्मा काढ आधी.