कितव्या पायरीवर

कुटाइसीहून सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा
पिशवीत बारा कोरे फॉर्म होते
आणि तोंडपाठ केलेला एकच प्रश्न:
समजा, एक शिडी आहे. तळाला शून्य, टोकाला दहा.
तुमचं आयुष्य सध्या कितव्या पायरीवर उभं आहे?

शाळेच्या मास्तरांनी सात म्हटलं, लगेच,
बटाट्याचा भाव सांगावा तसं.
दुकानदाराने आधी विचारलं, याने कर वाढतो का?
मग तीन म्हणाला.
एका तरुण बाईने दार अर्धंच उघडलं,
नवरा पोलंडला असतो, एवढंच बोलली.
पोलंड कितवी पायरी, ते फॉर्मवर छापलेलं नव्हतं.

त्सियाला अक्रोडाच्या झाडाला लागून उभी होती, वर.
प्रश्न मी खालून ओरडून विचारला.
'सहाव्या,' ती म्हणाली. 'चौथी मोडलीय.
तिसरीवरून एकदम पाचवी गाठावी लागते.'
ही शिडी नव्हे हो, मनातली.
'मनात कशाला ठेवू शिडी? आधीच अडगळ काय कमी आहे?
धर जरा, डुगडुगतेय.
रोज अव्तांदिल धरतो. आज रुसून बसलाय.'

का रुसला, ते तिने फांद्या झोडपत सांगितलं.
लांबलचक होतं. त्यात एक बकरी होती,
भूकंपात पडलेली एक भिंत,
आणि मध्येच कुणाचं तरी लग्न.
माझे दोन्ही हात शिडीला, फॉर्म दातांत,
डोक्यावर अक्रोड टपटपताहेत.
एक चांगलाच बसला.
ती हसली, इतकी हसली
की मला वाटलं, आता कोसळते ही बाई माझ्या अंगावर.

हसू ऐकून कुंपणापलीकडून आवाज आला:
'कोण धरतंय शिडी?'
'सरकारी माणूस आहे कुणी!'
'त्याला काय कळतंय त्यातलं,' पुटपुटत
म्हातारा टोपी न घालताच आला,
मला कोपराने बाजूला सारलं
आणि दोन्ही पाय रोवून उभा राहिला.
मग त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
बकरीचा विषय पुन्हा पहिल्यापासून निघाला.

परतीच्या गाडीत आकडे भरत बसलो.
हिरव्या सालींनी बोटं काळी पडली होती,
त्सियालाच्या चौकोनात अंगठा उमटला.
पुसला तसा आणखी पसरला.
शेवटी त्याच्याच शेजारी सहा लिहिलं,
आणि समासात, बारीक अक्षरात:
चौथी नाही.