डागाची केळी

अर्धापूरला लिलावातून बाजूला टाकलेली फणी,
सालीवर काळे ठिपके, देठ मऊ पडलेले.
"म्हशीला नेतो का?" हमालानं विचारलं.
म्हटलं, लेकीला.

दोन मुठी ज्वारीचं पीठ,
केळं बोटांनीच कुस्करलं.
साखर नाही, गूळ नाही,
सुलक्षणा ड्यूटीवर निघताना बजावून गेलेली,
पुढचे थांबे सांगावेत तशी, एका दमात.

तव्यावर लांबट वळकट्या,
तिच्या मुठीतून टोक वर उरेल एवढ्याच.
पहिली करपली. ती माझी.
दुसरीही तशी बरीच माझीच.

आता चार दातांची बाई बसलीय समोर.
उलटी करून बघते, हुंगते,
फरशीवर आपटून पारखते,
मग हिरड्यांखाली चिरडते.
पीठ गालाला, कपाळाला, माझ्या बाहीला.
"गोड हाय का गं?"
उत्तर नाही.
फक्त दुसरा हात पुढं.

साडेनऊला हिंगोली गाडी लागली असणार;
सुलक्षणा दारात, खांद्याला अजून ती चामडी पिशवी.
पोरीनं ओली, अर्धी चावलेली वळकटी
तिच्या ओठांशी नेली,
दिवसभर राहिलेले सुट्टे
परत करावेत तशी.