दहा क्षेत्रं

पुष्पलता कुडक्याल, वय एकतीस,
विडी घरकुल, सोलापूर.
चिठ्ठीवर सर्जनचं घाईचं अक्षर:
गर्भाशयाची गाठ. फायब्रॉइड. साधीच असावी.

साधीच असते, जवळजवळ नेहमी.
मीही तेच लिहायला बसले होते,
कूलरमधलं पाणी संपलेलं, चहा निवलेला.

मग काचपट्टी सरकवली
आणि गुलाबी-जांभळ्यात, उभ्या-आडव्या,
चात्याच चात्या.
पुस्तकातही पेशींना चातीचीच उपमा आहे.
लिहिणाऱ्यानं चाती पाहिली होती का, कोण जाणे.

माझे वडील मागावरून उतरलेल्या चादरीवर
डोळे मिटून हात फिरवायचे.
"इथं मुडी आहे."
मुडी म्हणजे गाठ, आमच्या घरच्या तेलुगूत.
धागा तुटला की गाठ मारावीच लागते,
तिच्यावर राग नसायचा त्यांचा.
कुणीच न मारलेल्या गाठीला घाबरायचे.

आता मोजणं.
सिद्धरामाची या गावाभोवती अडुसष्ट लिंगं,
मला दहाच क्षेत्रं फिरायची, भिंगाखालची:
एक दुभंगणारी पेशी, अजून एक, अजून
सहाव्या क्षेत्रातच सतरा.
तरी दहाही फिरले. मग पुन्हा पहिल्यापासून.
चुकले असेन तर बरं, म्हणून.

पट्ट्या मुंबईला गेल्या. अकराव्या दिवशी
माझेच शब्द परत आले, दुसऱ्या सहीनं.
एवढंच बरं की गाठ
पोटात तुकडे न करता अख्खी काढली होती.

रिपोर्ट न्यायला ती स्वतःच आली.
बोटांना तंबाखूचा वास, नखाजवळ लाल दोऱ्याचा वळ.
"पिशवी काढावी लागंल?"
हो. अंडाशय ठेवता येतील बहुतेक. आधी छातीचा सीटी.
"ती वाढत होती नं, तवा दोनदा वाटलं मला,
दिवस गेलेत."
मी कागदांना पिन मारत राहिले.

"दाखवा की."
दाखवायचं नसतं. दाखवलं.
बराच वेळ डोळा लावून होती.
"दाट इणलंय. पण काठ न्हाई सोडला कुठं."
हेच मी चार ओळींत लिहिलं होतं.

"किती मोजल्या?"
सांगितलं.
"दोनदा?"
दोनदा.
"मी रोज हजार इड्या मोजते, पंचवीसचा कट्टा.
दोनदा मोजलं की चुकत न्हाई."

ऑपरेशनची तारीख नाही, वार विचारला तिनं.
सोमवार.
"मग शनिवारचा पगार घिऊन येते,"
म्हणाली, आणि पिशवीत
रिपोर्ट उभा राहीना म्हणून
घडी घातली त्याची, चार पदरी.