परीटघडी

टायबरच्या अलीकडे, चांभारांच्या गल्लीत
माझ्या हौदात दोघांचेही कपडे यायचे.
ऑपिटरच्या काठाला आतून निळा दोरा,
व्होपिस्कसच्या तांबडा.
दोरा नसता तर मलाही कळलं नसतं
कुठली लोकर कुणाची.

निवडणूक आली की दोघंही खडू जास्त मागत.
पांढरं, अजून पांढरं कर, फिलेरो.
पायाखाली शिळं मूत, नाकाला फडकं,
मी तुडवत राहायचो त्यांचा स्वच्छ कारभार.

फार पूर्वी सरहद्दीवरून एक झगा यायचा,
दोघांत मिळून एकच, एका तंबूतला.
त्याला दोन्ही दोरे होते.

मग पूल जळाले,
धान्याची गलबतं कुणीतरी अडवली,
पाव तीन दमड्यांनी चढला,
आणि द्राक्षं उतरायच्या दिवसांत
व्होपिस्कसचं डोकं भाल्यावरून चौकात आलं.
त्याचा टोगा माझ्या फळीवर,
परीटघडी घालून तयार.

एका रात्री ऑपिटर आला. दिवा न घेता.
घडीवर हात ठेवून उभा राहिला बराच वेळ,
आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.
म्हणाला, याची उधारी किती?
सांगितली. मोजून दिली त्यानं.
एक नाणं कोरं, त्याच्याच चेहऱ्याचं;
तो गेल्यावर चावून पाहिलं,
दाताला तांबं लागलं.

टोगा त्यानं नेला नाही.

सकाळी चौकात यादी लागली.
बारावं नाव व्होपिस्कसच्या थोरल्याचं, वय चौदा.
दुपारी दोन शिपाई
निळ्या दोऱ्याचं गाठोडं टाकून गेले.
म्हणाले, खडू जास्त घाल.