पावती

विश्रामबागेत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
दहा बाय चौदाच्या गाळ्यात माझं गेमचं दुकान होतं.
तीन टीव्ही, पाच कंट्रोलर,
त्यातल्या एकाचं डावं बटण कायम रुसलेलं.
तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला बारा.
वरचे दोन कसले, हे कुणी विचारलं नाही
आणि धंदा त्या दोनवरच उभा होता.

सीड्याही भाड्यानं द्यायचो.
वहीत नाव, अनामत शंभर, चरा पडला तर पन्नास कापणार.
शीतल चौगुले फुटबॉलची सीडी घेऊन गेला
तो थेट लग्नाची पत्रिका द्यायलाच उगवला;
सीडी पत्रिकेच्या आत होती.
दंड कसला घेणार.

मग ते महिन्याचं सुरू झालं.
चारशे खेळ, हवा तो खेळा,
पहिला महिना एक रुपया.
मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला,
खोडला, पुन्हा मांडला.
एक खेळ विकत घ्यायचा तर चार हजार,
आणि हे अख्खी वखार पाचशेत उघडी टाकतात?

उत्तर मिळालं मेसवाल्या मंदाताईंकडे.
कणीक मळता मळता म्हणाल्या,
"पोरं महिन्याचं कूपन घेतात.
शनिवारी गावाला पळतात, परीक्षेत झोपून राहतात.
न आलेल्यांच्या चपात्यांवर चालते रे माझी मेस.
आणि एक तारखेला बासुंदी का असते, कळलं?"

कळलं.
रोज जेवणारा महागात पडतो.
विसरणारा सोन्याचा.
फक्त मंदाताईंनी कधी
शेजारचा मळा विकत घेऊन सांगितलं नाही,
की ही वांगी यापुढे आमच्याच ताटात.
आणि जिभेला चव लागल्यावर
दर वर्षी दर चढवला नाही.
चढवला असता, तर पोरं समोरच्या मेसला गेली असती.
समोर मेस होती, हे महत्त्वाचं.

अण्णा आमचे हरिपूरला पेवावर हमाल होते.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील खाली सोडायचे.
विझला तर थांबायचं, तळाशी हवा मेलेली आहे.
तीस फूट खोल, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं,
पोटात पिवळीधमक हळद, कीड नाही, बुरशी नाही.
भाडं व्यापारी भरायचा, पण हळद त्याची.
खिशात पावती.
त्या कागदावर बाजारात सौदे व्हायचे
आणि हळद जागची हलायचीसुद्धा नाही.

मी त्यांना समजावलं :
हेही तसंच अण्णा, सगळा माल दुसऱ्याच्या पेवात,
आपण महिन्याचं भाडं भरायचं.
ते म्हणाले, "पावती दाखव."

दाखवणार काय?
भाच्याचा, प्रज्योतचा, एक खेळ निम्म्यावर होता.
एकशे बारा तास घातलेले.
सूचना आली, तीस तारखेला हा खेळ जाणार.
पोरगं रात्रभर बसलं, शेवटचा राक्षस काही पडेना.
सकाळी राक्षसासकट सगळं गेलं.
पैसे मात्र पाच तारखेला नेमाने कापले.

पेपरात येतं, गेमिंगचं पेव फुटलंय.
अण्णांना हे वाक्य पटत नाही.
त्यांच्या लेखी पेव फुटलं म्हणजे माल गेला.
दोन हजार पाचला महापुराचं पाणी शिरलं,
हळद कुजली, वास महिनाभर हटला नाही,
तरी लोक पावत्या घेऊन आले होते.
रडायलाही कागद लागतो, म्हणाले.

दुकान बंद करून चार वर्षं झाली.
आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.
काल बँकेचा मेसेज नीट वाचला :
सात महिने मी एकही खेळ उघडलेला नाही
आणि भाडं चालू आहे.
मंदाताईंच्या डब्यातली ती उरलेली चपाती
मीच खातोय की मीच आहे, देव जाणे.

रद्द करायला गेलो.
विचारलं, नक्की?
पुन्हा विचारलं, नक्की?
तिसऱ्यांदा म्हणाले, थांबा,
पुढचे तीन महिने निम्म्या दरात.

घेतले.
धंद्यातला माणूस मी, सूट सोडवत नाही.